खजिना भरतो कुठून?

जगातल्या सर्वांत गरीब देशांची यादी हाती आली की मन लगेच उणिवा शोधू लागतं. पाऊस कमी असेल, जमीन नापीक असेल, समुद्र लांब असेल, माणसं फार असतील. संयुक्त राष्ट्रसंघ १९७१ पासून ‘अल्पविकसित देशां’ची वेगळी यादी ठेवतो. आज तीत ४४ देश आहेत आणि त्यांपैकी ३२ आफ्रिकेतले आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला या उणिवा खरोखरच आल्या आहेत. पण याच यादीतल्या एका देशापाशी हे उत्तर अडतं. तो देश म्हणजे काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक.

काँगोचा विस्तार भारताच्या सुमारे सत्तर टक्के. वर्षभर दुथडी वाहणारी काँगो नदी पाण्याच्या मानाने जगात फक्त अ‍ॅमेझॉनच्या मागे आहे. तिच्या इंगा धबधब्यांवर चाळीस हजार मेगावॉटच्या आसपास वीज होऊ शकते, असे अंदाज आहेत. आपल्या मोबाइलच्या बॅटरीत लागणारं कोबाल्ट जगाला लागतं त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक याच देशातून निघतं. शिवाय तांबं, सोनं, हिरे आहेतच. आणि या भूमीवर राहणाऱ्या दहा कोटींहून अधिक माणसांपैकी दर चारांतली सुमारे तीन दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी पैशांत जगतात, असा जागतिक बँकेचा २०२४ सालचा अंदाज होता. वीज पोचली आहे ती पाचांतल्या जेमतेम एकाकडे.

निसर्गाने इथे काही कमी केलेलं नाही. मग उणीव कुठे आहे? माझ्या मते ती राज्य आणि प्रजा यांच्या नात्यात आहे, आणि हे नातं ओळखण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे राज्याचा खजिना. खजिना लोकांच्या संमतीवाचून भरत असेल, तर राज्याला लोकांची फिकीर करण्याचं कारण उरत नाही. वडिलोपार्जित जमीन तुकड्या-तुकड्याने विकून खाणाऱ्या घरधन्याला मुलं शिकली काय आणि न शिकली काय, सारखंच असतं. ज्याला मुलांच्या हाताकडे बघून म्हातारपण काढायचं आहे, तो पोटाला चिमटा घेऊन त्यांची फी भरतो. देशांचंही असंच होतं. हे काँगोच्या इतिहासात पायरीपायरीने उतरून पाहता येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड मोरेल नावाचा एक तरुण लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत कारकून होता. कंपनीची जहाजं काँगो आणि बेल्जियमचं अँटवर्प बंदर यांच्यामध्ये ये-जा करत, आणि कामानिमित्त मोरेलला अँटवर्पला जावं लागे. धक्क्यावर उतरणारा माल त्याच्या डोळ्यांसमोर असे. रबर आणि हस्तिदंत यांनी जहाजं गच्च भरलेली असत. परतीच्या फेरीत मात्र चढत त्या मुख्यतः बंदुका, काडतुसं आणि लष्करी अधिकारी. इतक्या रबराच्या मोबदल्यात तिथल्या माणसाला द्यायचं म्हणजे कापड, मीठ, भांडीकुंडी असं काही जायला हवं. तसं काही नावालाच जात होतं. मोरेलने हिशेबाच्या वह्यांवरून निष्कर्ष काढला: माल येतो आणि बदल्यात काही जात नाही, तेव्हा हा व्यापार नाही. ही बंदुकीच्या धाकावर चाललेली वेठ आहे. पुढे त्याने नोकरी सोडून या अत्याचाराविरुद्ध जगभर मोहीम उभारली.

आयात-निर्यातीच्या आकड्यांमधून गरिबीचा माग काढण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईतच भारताच्या दारिद्र्यावरचे आपले निबंध वाचले होते. बाहेर किती जातं, आत किती येतं, हे मांडून त्यांनी दाखवलं की फरकाची रक्कम दरसाल इंग्लंडात राहते. भारतीय माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न त्यांच्या हिशेबाने २० रुपये होतं. दादाभाई आणि मोरेल या दोघांनी दाखवून दिलेलं कारण खरं आहे: संपत्ती बाहेर नेली गेली. पण ते कारण पुरतं नाही, कारण परके राज्यकर्ते गेल्यावरही काँगोची गरिबी गेली नाही. म्हणून आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं.

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला १८८५ पासून काँगो खाजगी मालमत्तेसारखा मिळाला होता. त्या भूमीवर त्याने आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही. तिथलं रबर रानातल्या वेलींचं. माणूस झाडावर चढून वेलीला चीर पाडी आणि गळणारा चीक पुष्कळदा आपल्याच अंगावर फासून घेई. तो वाळून घट्ट झाला की कातडीवरून ओढून काढायचा. त्याबरोबर अंगावरचे केसही उपटून येत. प्रत्येक गावाला किती रबर द्यायचं ते ठरलेलं असे. ते भरेपर्यंत बायकांना ओलीस धरून ठेवत. गोळ्या वाया गेल्या नाहीत याचा पुरावा म्हणून सैनिकांना मेलेल्यांचे हात तोडून आणावे लागत, आणि हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. जगभर बोभाटा झाल्यावर १९०८ साली बेल्जियम सरकारने राजाकडून वसाहत आपल्या ताब्यात घेतली.

या क्रौर्यातला हिशेब नीट पाहिला पाहिजे. लिओपोल्डला काँगोच्या माणसांची गरज होती, कारण त्यांच्या हातांवाचून रबर आलं नसतं. त्याला गरज नव्हती ती त्यांच्या संमतीची. श्रम चाबकाने काढता येतात. संमती तशी काढता येत नाही. तिच्यासाठी काहीतरी द्यावं लागतं. ज्या राज्याला प्रजेचं फक्त अंग लागतं, त्याला तिच्या डोक्यावर खर्च करणं परवडत नाही, कारण शिकलेला माणूस भाव विचारतो. म्हणून देश गरीब राहण्याची सुरुवात संपत्ती बाहेर जाण्याच्याही आधी, ती कोणाला न विचारता काढता येते तिथे होते.

बेल्जियन सरकारच्या काळात चाबूक सौम्य झाला. दवाखाने आले, मिशनऱ्यांच्या प्राथमिक शाळा आल्या. दक्षिणेकडच्या कटांगात १९०६ साली स्थापन झालेल्या युनियन मिनिएर कंपनीने तांब्याच्या प्रचंड खाणी चालवल्या, आणि रेल्वेमार्ग खाणीकडून बंदराकडे गेले. पण लोकांना विचारावं लागेल अशी व्यवस्था झाली नाही आणि विचारू शकतील अशी माणसंही घडवली गेली नाहीत. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा काँगोतले पदवीधर तिसाच्या आत होते. सैन्यात काँगोचा एकही माणूस अधिकारपदावर नव्हता. अकरा दिवसांत कटांगाने फुटून निघाल्याचं जाहीर केलं आणि खाण कंपनी आपला कर त्या फुटीर सरकारकडे भरू लागली. खाण ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्य. बाकीच्या देशाला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांना पदच्युत करून, पकडून, त्याच कटांगात नेलं गेलं आणि १७ जानेवारी १९६१ रोजी गोळ्या घालण्यात आल्या.

१९६५ साली लष्करप्रमुख मोबुटूने सत्ता घेतली आणि दोन वर्षांत युनियन मिनिएरच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं. परक्यांनी लुटल्यामुळेच देश गरीब होता असं मानलं, तर इथून दिवस पालटायला हवे होते, कारण खाण आता देशाची झाली होती. पण खाण आणि खजिना यांच्यामध्ये माणसं तेव्हाही आली नाहीत. मालक बदलला, नातं जसंच्या तसं राहिलं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर इंगाहून कटांगाकडे जाणारी विजेची तार पाहावी. इंगा धबधबे देशाच्या पश्चिम टोकाला आहेत आणि खाणी आग्नेय टोकाला. मोबुटूच्या सरकारने परदेशी कर्ज काढून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १,७०० किलोमीटर लांबीची उच्चदाबाची वाहिनी उभारली. त्या वेळी ती जगातली सर्वांत लांब वाहिनी होती. तिच्यातून एकदिश प्रवाह जातो, आणि तो वाटेत कुठे काढून घ्यायचा तर अतिशय महागडी केंद्रं बांधावी लागतात. ती बांधली गेली नाहीत. अर्ध्या देशावरून मनोरे गेले, शेकडो गावांच्या डोक्यावरून वीज गेली, आणि खाली रॉकेलच्या दिव्याखाली रात्र सरत राहिली. इंजिनियरांचा आराखडा चुकला नव्हता. खजिना तांब्यातून भरणार होता, तेव्हा वीज तांब्याकडे गेली. वाटेतल्या गावांकडून खजिन्यात काही येणार नव्हतं.

संमतीवाचून खजिना भरण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कर्ज. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९७८ साली एर्विन ब्लुमेंथाल या जर्मन अधिकाऱ्याला तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवलं. राष्ट्रपती आणि त्याच्या माणसांकडून पैसा कसा परस्पर वळवला जातो हे त्याने आतून पाहिलं, आणि दिलेली कर्जं परत येण्याची आशा नाही असा अहवाल लिहिला. तो अहवाल १९८२ साली बाहेर आला. तरीही कर्जं मिळतच गेली, कारण शीतयुद्धात मोबुटू पाश्चिमात्यांच्या बाजूचा होता. आपल्या मूळ गावी, गबाडोलिटेला, त्याने महाल बांधले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. तांब्याचं उत्पादन १९८०च्या दशकाच्या मध्याला वर्षाला साडेचार लाख टनांच्या वर होतं. दहा वर्षांत ते पन्नास हजारांच्याही खाली आलं. मोबुटू १९९७ साली पळून गेला आणि एक हजार कोटी डॉलरांहून अधिक कर्ज मागे राहिलं. ते ज्यांच्या डोक्यावर बसलं, त्यांना ते काढताना कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर युद्धं झाली. पूर्व काँगोत ती अजून संपलेली नाहीत. पण युद्ध नसलेल्या कोल्वेझीसारख्या खाणपट्ट्यातही जुनंच नातं दिसतं. तिथे हजारो माणसं हाताने बोगदे खणून कोबाल्टचा दगड काढतात. पोती सायकलवर किंवा मोटारसायकलवर लादून व्यापाऱ्याच्या आडतीवर येतात. व्यापारी हातातलं यंत्र दगडाला लावतो आणि त्यात कोबाल्ट किती टक्के हे सांगतो. भाव त्यावर ठरतो. खणणाऱ्याजवळ यंत्र नसतं. आकडा खरा की खोटा हे पडताळण्याचं सरकारी केंद्र हाताशी नसतं, म्हणून मिळेल ते घेऊन तो घरी जातो. घरी मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो. सरकार शिक्षकांना पगार देत नव्हतं किंवा अपुरा देत होतं, म्हणून वर्षानुवर्षं आईबापांनीच वर्गणी काढून शिक्षक पोसले. प्राथमिक शिक्षण मोफत करण्याची अंमलबजावणी २०१९ मध्ये सुरू झाली.

इथे कोणीही हरकत घेईल: खाणी तर इतर देशांतही आहेत, ते सगळेच कुठे बुडाले? ही हरकत मोलाची आहे, कारण तिच्यामुळे मूळ विचार अधिक नेमका होतो. तिचं उत्तर बोट्स्वानात आहे.

बोट्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी दरिद्री देशांत त्याची गणना होती. चारी बाजूंनी जमीन, बहुतेक भाग कलहारीचं वाळवंट, डोक्यावर दुष्काळ. डांबरी रस्ता सगळा मिळून १२ किलोमीटर, आणि पदवीधर २२. सरकारचा निम्मा खर्च ब्रिटिश मदतीवर चाले. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला. काँगोचा अनुभव पाहता इथेही राज्य लोकांना विसरायला हवं होतं. तसं झालं नाही. पुढची दोन-तीन दशकं बोट्स्वाना जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एक होता, आणि १९९४ साली अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा तो पहिला देश ठरला.

फरक हिऱ्यांच्या आधी घडलेला होता. त्स्वाना लोकांमध्ये ‘खोत्ला’ नावाची गावसभा असते. तिथे मुखियासमोर कोणीही उभं राहून बोलू शकतं आणि त्याच्या कारभारावर टीकाही करू शकतं. लोक आहेत म्हणून मुखिया मुखिया आहे, अशा अर्थाची म्हण तिथे सर्वतोमुखी आहे. १८९५ साली खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन मुखिया बोटीने इंग्लंडला गेले. आमची भूमी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात घालू नका, हे सांगण्यासाठी ते गावोगाव सभा घेत फिरले. रेल्वेसाठी जमिनीचा पट्टा आणि दर झोपडीमागे कर देण्याचं त्यांनी कबूल केलं आणि त्या बदल्यात आपला कारभार बराचसा आपल्या हाती राखला. ते काही दान मागायला गेले नव्हते. त्यांनी तो सौदा केला होता. म्हणून बोट्स्वानात रबराच्या वेठीसारखी यंत्रणा कधी उभीच राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच खामांचे नातू. १९६७च्या कायद्याने जमिनीखालच्या खनिजांचा हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे आला. सेरेत्सेंच्या स्वतःच्या जमातीच्या जमिनीत ओरापाचे हिरे होते, आणि तरीही त्यांनी ते सगळ्या देशाचे केले. १९७५ मध्ये डी बिअर्स कंपनीशी पुन्हा वाटाघाटी करून सरकारने हिऱ्यांच्या खाणीतला आपला वाटा निम्म्यावर नेला. पैसा ठरलेल्या विकास योजनेत, संसदेच्या मंजुरीने खर्च होऊ लागला. या राज्यकर्त्यांना दर पाच वर्षांनी मतं मागायची होती, आणि मतदार दुष्काळ पाहिलेले पशुपालक होते. मग विहिरी, शाळा, दवाखाने, रस्ते ओघानेच आले. एड्सच्या साथीने देशाचं आयुर्मान कोसळलं तेव्हा, २००२ साली, सरकारने सर्वांसाठी मोफत औषधोपचार सुरू केले. आफ्रिकेत असं पाऊल उचलणारं ते पहिलं सरकार. २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि त्याने शांतपणे सत्ता सोडली.

बोट्स्वाना म्हणजे नंदनवन नव्हे. विषमता तीव्र आहे, तरुणांना काम नाही, कलहारीतल्या सान आदिवासींना त्यांच्याच भूमीतून हुसकावल्याचा डाग त्या राज्यावर आहे, आणि हिऱ्यांची मागणी घटल्याने आज तिजोरीवर ताण आहे. शिवाय पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश आणि दहा कोटींचा काँगो यांना एका मापाने मोजणं न्यायाचं नाही. पण वाळवंट आणि बंदर नसणं यांनी देश गरीब राहतोच असं नाही, हे त्याने सिद्ध केलं. खाणीनेही राहतोच असं नाही. खाण सापडली त्या दिवशी राज्य आधीच लोकांना उत्तरदायी होतं की नव्हतं, यावर पुढचं सगळं ठरलं.

आता ज्या देशांत खाणच नाही, त्यांचं काय? मलावी घ्या. तिथे राज्य शेतकऱ्यांवरच जगत होतं, तरी शेतकरी गरीबच राहिला. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं हेस्टिंग्ज बांडांची एकपक्षीय हुकूमत होती. लहान शेतकऱ्याचा माल सरकारी खरेदी मंडळ बाजारापेक्षा कमी भावाने घेई आणि त्यातून उरलेला पैसा मोठ्या मळेवाल्यांकडे जाई. सर्वांत जास्त पैसा देणारी बर्ली तंबाखू लावायची मुभा १९९० पर्यंत लहान शेतकऱ्याला कायद्यानेच नव्हती. राज्याला शेतकरी हवा होता, पण त्या शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, दुसरा पक्ष नव्हता आणि ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. म्हणजे राज्याला लोकांची गरज असणं एवढं पुरेसं नाही. लोकांना नकार देता आला पाहिजे. नकार देता येत असेल तरच होकाराला किंमत येते, आणि ती किंमत शाळा, दवाखाना, रस्ता, रास्त भाव या रूपाने राज्याला चुकवावी लागते.

ही गोष्ट महाराष्ट्रात फार पूर्वी सांगितली गेली आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारला विचारलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो आणि रयतेच्या प्राथमिक शाळेवर का नाही? खजिना कोण भरतं आणि खर्च कोणावर होतो, हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांसमोर ठेवले. गरिबीचं राजकारण याहून सरळ क्वचितच कोणी मांडलं असेल.

यातून बाहेरच्या जगासाठीही काही कर्तव्यं निघतात. प्रजेला न विचारणाऱ्या राज्यकर्त्याला कर्ज देणाऱ्याने, बुडालं तर ते त्या प्रजेकडून वसूल करण्याचा हक्क सांगू नये. खनिज विकत घेणाऱ्या कंपनीने कोणत्या सरकारला किती पैसे दिले हे जाहीर केलं पाहिजे, म्हणजे तिथल्या माणसाला आपल्या सरकारकडे बोट दाखवून विचारता येईल. मदत देणाऱ्यांनी आपल्या अहवालांइतकीच काळजी तिथल्या संसदेची, लेखापरीक्षकांची आणि वर्तमानपत्रांची केली पाहिजे. यांतलं कोणतंच पाऊल एका रात्रीत काँगोला श्रीमंत करणार नाही. पण गावात शाळा बांधून दिली आणि शाळा मागण्याची ताकद दिली नाही, तर ती शाळा देणगी संपेपर्यंतच चालते.

म्हणून वाचकाला विनंती एवढीच, की गरीब देशाचं नाव ऐकलं की तिथली माणसं आळशी आहेत का, मुलं फार आहेत का, हवा वाईट आहे का, हे विचारण्याआधी तिथला खजिना कुठून भरतो आणि तो भरणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का, हे विचारावं. हा प्रश्न आपल्या राज्याला, आपल्या जिल्हा परिषदेला आणि आपल्या गावाच्या ग्रामसभेलाही विचारावा. ज्या देशातली माणसं तो विचारू शकतात, त्यांना गरिबीतून वर यायला वेळ लागेल, पण वाट सापडते. ज्यांना तो विचारू दिला जात नाही, त्यांच्या पायाखाली कोबाल्ट असो की हिरे, ते गरीबच ठेवले जातात.